गाणे ऑनलाइन देताना गीतकाराचे नाव: कसे शोधावे, कसे पडताळावे, कोठे लिहावे

कीर्तनकार वेळ कमी असला तर अभंगाचे मधले चरण सोडील, परंतु ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ किंवा ‘चोखा म्हणे’ असा येणारा शेवटचा चरण सहसा सोडत नाही. नाममुद्रा रचनेतच गुंफलेली असल्यामुळे, ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांच्या मुखातूनही रचनाकाराचे नाव शतकानुशतके पुढे येत राहिले. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ या आरतीत ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ असे म्हणताना आपण दरवर्षी समर्थ रामदासांचे नाव घेत असतो, मग ते लक्षात येवो वा न येवो.

विसाव्या शतकात गाणे तबकडीवर, पडद्यावर आणि आकाशवाणीवर गेले आणि रचनाकाराचे नाव गाण्याच्या बाहेर पडले. ते तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत किंवा निवेदकाच्या तोंडी राहू लागले. आता तेच गाणे तीस सेकंदांची रील, व्हॉट्सॲपवरचा ध्वनिमुद्रित तुकडा किंवा घरी गाऊन यूट्यूबवर चढवलेली चित्रफीत होऊन फिरते, तेव्हा चकती, श्रेयनामावली आणि निवेदक यांपैकी काहीही सोबत येत नाही. भावगीताच्या किंवा चित्रगीताच्या अंगावर नाममुद्रा नसते. म्हणून गीतकाराचे नाव पुढच्या माणसापर्यंत पोहोचेल की नाही, हे सर्वस्वी गाणे पाठवणाऱ्यावर अवलंबून राहिले आहे. ही जबाबदारी पार पाडायची कशी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. उदाहरणे मराठी गाण्यांची घेतली आहेत, कारण नावे गळण्याचे आणि चुकण्याचे प्रकार आपल्याकडे विपुल आहेत.

नाव दिल्याने काय होते

गाणे लोकांच्या ओठी बसले की ते सर्वांचेच होते, मग नावाचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न अनेकदा प्रामाणिकपणे विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर आपल्याच परंपरेत आहे: तुकोबांचे अभंग सर्वांचे झाले आणि तरीही ‘तुका म्हणे’ कोणी पुसले नाही. गाणे सर्वांचे होण्यासाठी ते निनावी होण्याची गरज नसते.

दुसरे उत्तर कायद्याचे आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ प्रत्येक रचनाकाराला दोन विशेष हक्क देते. रचना आपली आहे असे सांगण्याचा हक्क हा पहिला, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा किंवा तिच्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क हा दुसरा. गाण्याचे आर्थिक हक्क निर्मात्याला किंवा ध्वनिमुद्रिका कंपनीला विकल्यानंतरही हे दोन्ही हक्क रचनाकाराकडेच राहतात आणि त्याच्या पश्चात ते वारसांना बजावता येतात. गाण्याचे पैसे एकदा मिळाले, आता नावाचा संबंध उरला नाही, हा समज त्यामुळे कायद्यालाही धरून नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते स्मृतीचे आहे. नाव गळालेले गाणे निनावी राहत नाही. त्यावर लवकरच दुसरेच नाव चढते. कधी ते गायकाचे असते, कधी एखाद्या संताचे, कधी ‘पारंपरिक’ किंवा ‘लोकगीत’ असा शिक्का बसतो. एकदा चढलेले चुकीचे नाव हजारो ठिकाणी उतरले की खरे नाव शोधणाऱ्यालाही ते सापडेनासे होते.

पहिले पाऊल: गाण्यात कोणाकोणाचे काम आहे ते वेगळे करावे

‘हे गाणे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा गायकाच्या नावाने दिले जाते, कारण कानावर त्याचा आवाज पडलेला असतो. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे शाहीर साबळे यांचे गाणे, असे बहुसंख्य लोक सांगतील. त्यांच्या आवाजानेच ते घराघरांत पोहोचले हे खरे. परंतु त्याचे शब्द राजा बढे यांचे आहेत आणि चाल श्रीनिवास खळे यांची आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून हे महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, शाळांतून ते नियमित गायले जाऊ लागले, आणि त्याच्या असंख्य चित्रफिती प्रसृत झाल्या. त्यांपैकी आपण पाहिलेल्या चित्रफितींत राजा बढे यांचे नाव किती ठिकाणी होते, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

गाणे पाठवण्यापूर्वी म्हणून निदान चार प्रश्न स्वतःला विचारावेत. शब्द कोणाचे? चाल कोणाची? मूळ गायन कोणाचे? आणि ज्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा आपण देत आहोत ते कोणत्या चित्रपटातील, नाटकातील किंवा ध्वनिमुद्रिकेतील आहे? कायद्याच्या दृष्टीनेही शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती असते; तिन्हींचे हक्कदार वेगळे असू शकतात आणि तिन्हींच्या मुदती वेगळ्या असतात.

नाट्यगीताच्या बाबतीत नाटकाचे नाव अवश्य द्यावे. ‘युवती मना दारुण रण’ हे पद १९११ च्या ‘संगीत मानापमान’मधील; शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे, चाल गोविंदराव टेंबे यांची. आज ते पद गाणारा कलावंत ज्या कोणा दिग्गजाच्या ध्वनिमुद्रणावरून शिकला असेल, त्या दिग्गजाचेच नाव बहुधा लिहितो आणि नाटककार व संगीतकार दोघेही बाजूला पडतात.

दुसरे पाऊल: नाव शोधणे

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण चुकीचे नाव देणे हे नाव न देण्यापेक्षा अधिक नुकसान करते.

मराठी भावगीते, चित्रगीते, नाट्यगीते आणि अभंग यांच्यासाठी सुरुवात ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळापासून करावी. तेथे प्रत्येक गाण्याच्या शब्दांसोबत गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, आणि पुष्कळदा राग अशी नोंद असते. त्यानंतर शक्य असेल तेथे मूळ वस्तूकडे जावे: कवीचा संग्रह, तबकडीचे वेष्टन, कॅसेटच्या आतील कागद किंवा चित्रपटाची सुरुवातीची श्रेयनामावली. जुने चित्रपट ऑनलाइन उपलब्ध असतील तर श्रेयनामावली पाहण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. यूट्यूबवरील एखाद्या अनोळखी खात्याने लिहिलेली माहिती, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने ठामपणे सांगितलेले नाव यांना पुरावा मानू नये. ती फार तर शोधाची दिशा ठरू शकतात.

शोधताना ध्रुवपदापेक्षा अंतऱ्यातील एखादी ओळ टाकावी, कारण ध्रुवपदाचे सुरुवातीचे शब्द अनेक गाण्यांत सारखे असतात. ऱ्हस्व-दीर्घाचे वेगवेगळे पर्यायही टाकून पाहावेत. जुन्या छापील प्रतीत ‘मिळाल्या’ असेल तेथे ऑनलाइन प्रतीत काहीही असू शकते.

आता नेहमी फसवणाऱ्या जागा पाहू.

पहिली जागा अभंगसदृश चित्रगीतांची. ‘इंद्रायणी काठी, देवाची आळंदी’ हे गाणे पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजात ऐकल्यावर ते एखाद्या संताचेच वाटते, आणि तसेच लिहून पुढे पाठवले जाते. प्रत्यक्षात ते १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकर यांनी लिहिले आणि त्याला संगीत पु. ल. देशपांडे यांचे आहे. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही माडगूळकरांचेच; ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातील, संगीत सुधीर फडके यांचे. परंतु ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ ही रचना ज्ञानेश्वरांची आहे. दोहोंत कानडा विठ्ठल असल्यामुळे गल्लत होते. येथे भाषेची कसोटी उपयोगी पडते: ‘विठ्ठलु’, ‘कर्नाटकु’ अशी उकारान्त रूपे ज्ञानेश्वरकालीन मराठीची आहेत, ‘कानडा राजा’मध्ये ती नाहीत. भाषेवरून कर्ता सिद्ध होत नाही, पण शंका घेण्यास ती पुरेशी असते. ओळख पटवायची असेल तर त्या संताच्या छापील गाथेतील चरणसूची पाहावी. पहिल्या चरणाच्या अकारविल्हे यादीत अभंग सापडला नाही, तर संताचे नाव लिहू नये. नामदेवांच्या बाबतीत आणखी सावध असावे, कारण विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत असे अभ्यासकांनी दाखवले आहे. अशा वेळी ‘नामदेव गाथेतील अभंग’ असे लिहिणे अधिक अचूक ठरते.

दुसरी जागा लोकगीताचा बाज असलेल्या गाण्यांची. ‘मी डोलकर डोलकर डोलकर दर्याचा राजा’ हे कोळीगीत म्हणून लग्नांत, स्नेहसंमेलनांत आणि रील्समध्ये वाजते आणि बहुधा ‘पारंपरिक कोळीगीत’ असे लेबल घेऊन फिरते. ते शांता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीतबद्ध केले, आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायले. लोकांच्या बोलीत इतके बेमालूम लिहिण्याचे कसबच येथे कवयित्रीचे नाव पुसण्यास कारण ठरले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बहिणाबाई चौधरी यांचे तर याहून वेगळे आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी यांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. घरातल्या कोणी ते टिपून ठेवले नसते, तर ‘अरे संसार संसार’ आज खरोखरच ‘खानदेशी लोकगीत’ म्हणून उरले असते. त्यांच्या ओळी ‘लोकगीत’ किंवा ‘कवी अज्ञात’ म्हणून पाठवणे म्हणजे थोडक्यात वाचलेले नाव पुन्हा बुडवणे आहे.

तिसरी जागा टोपणनावांची. शांता शेळके यांनी ‘वसंत अवसरे’ या नावानेही गीते लिहिली, आणि लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिले. १९६५ च्या ‘साधी माणसं’मधील ‘ऐरणीच्या देवा तुला’ या गाण्याचे गीतकार जगदीश खेबुडकर, संगीतकार आनंदघन. अशा वेळी मूळ श्रेयात जे नाव आहे तेच आधी लिहावे आणि खरे नाव त्यापुढे द्यावे: ‘संगीत: आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर’. रचनाकाराने स्वतः निवडलेले नाव परस्पर बदलून टाकणे योग्य नाही, आणि वाचकाला अंधारात ठेवणेही योग्य नाही.

चौथी जागा कापलेल्या शेवटाची आहे, आणि ती आजच्या काळाची देणगी आहे. लोककवी वामनदादा कर्डक यांनी गावोगाव फिरून हजारो गीते रचली आणि गायली; ‘उद्धरली कोटी कुळे, भीमा तुझ्या जन्मामुळे’ आणि ‘भीमा, तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ ही त्यांचीच. संतांप्रमाणे त्यांच्याही अनेक रचनांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही मुद्रा येते. १४ एप्रिलच्या आसपास ही गाणी रील्समधून लाखोंपर्यंत जातात, पण रील ध्रुवपदावरच संपते, शेवटचे कडवे येतच नाही आणि त्यासोबत नावही जाते. ज्या गाण्यात कवीची मुद्रा आहे त्याचा तुकडा देताना शक्यतो मुद्रेचे कडवे ठेवावे; ते जमत नसेल तर नाव चित्रावर लिहावे.

याखेरीज कवितांचे म्हणून जे संदेश फिरतात, त्यांत कुसुमाग्रज, सुरेश भट किंवा पु. ल. देशपांडे यांची नावे खाली चिकटवलेली असतात. संग्रहाचे नाव सांगता येत नसेल, तर त्या नावावर विश्वास ठेवू नये.

शोध घेऊनही नाव सापडले नाही, तर तीन गोष्टींत फरक करावा. ‘पारंपरिक’ म्हणजे रचना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आली आहे असे आपण ठामपणे सांगत आहोत. ‘कवी अज्ञात’ म्हणजे कवी कोणालाच ठाऊक नाही असे आपण म्हणत आहोत. आणि ‘गीतकाराचे नाव मला सापडले नाही, ठाऊक असल्यास आधारासह कळवावे’ हे केवळ आपल्या माहितीचे वर्णन आहे. बहुतेक वेळा खरे असते ते हे तिसरे, म्हणून तेच लिहावे.

तिसरे पाऊल: श्रेय आणि परवानगी यांची गल्लत करू नये

गीतकाराचे नाव ठळक लिहिले म्हणजे गाणे वापरण्याची मुभा मिळाली, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ हे वाक्य लिहिल्यानेही काही साधत नाही. श्रेय हे रचनाकाराच्या नावाचे देणे आहे, तर परवानगी हक्कदाराकडून घ्यावयाची असते. एक दिल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही. उलट दिशेनेही तेच: रचनेची मुदत संपून ती सर्वांसाठी खुली झाली, तरी कवीचे नाव गाळण्याचे कारण उरत नाही.

मुदतीचा हिशेब असा. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट त्या-त्या रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणून ‘बहिणाबाईंची गाणी’ या पहिल्या संग्रहाची मुदत २०१२ अखेर संपली. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकूरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा, १९९१ च्या अखेरीस, ती ६० वर्षे करण्यात आली. भा. रा. तांबे यांचेही निधन १९४१ चेच, त्यामुळे त्यांच्या कविता २००१ अखेर खुल्या झाल्या.

परंतु तांब्यांची ‘मावळत्या दिनकरा’ ही कविता खुली आहे म्हणून त्याच नावाचे गाणे खुले आहे असे नाही. त्याची चाल हृदयनाथ मंगेशकर यांची आहे आणि ती संरक्षित आहे. आपण तांब्यांचे शब्द स्वतःच्या चालीत गाऊ शकता. प्रसिद्ध चालीत गाताना चालीचे हक्क आडवे येतात. ‘मानापमान’ची स्थिती निराळी आहे: खाडिलकरांचे निधन १९४८ चे, टेंब्यांचे १९५५ चे, त्यामुळे शब्द आणि मूळ चाली दोन्ही खुल्या आहेत. ‘ऐरणीच्या देवा’चे ध्वनिमुद्रण चित्रपटाच्या वर्षीच, १९६५ मध्ये, प्रसिद्ध झाले असे धरले तर त्याची मुदत २०२५ अखेरपर्यंत येते, पण खेबुडकरांचे निधन २०११ चे असल्यामुळे शब्दांची मुदत २०७१ पर्यंत आणि लता मंगेशकरांचे निधन २०२२ चे असल्यामुळे चालीची २०८२ पर्यंत जाते. माडगूळकरांचे निधन १९७७ चे. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

घरगुती, कमाईविरहित चित्रफितीच्या बाबतीत यूट्यूबची स्वयंचलित ओळख-यंत्रणा सहसा गाणे ओळखते आणि हक्कदार कंपनी त्या चित्रफितीवर दावा नोंदवते. अनेकदा चित्रफीत राहते व जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात, काही वेळा ती रोखली जाते. कार्यक्रम, जाहिरात किंवा विक्री यांसाठी गाणे वापरायचे असेल, तर मात्र लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ नये.

चौथे पाऊल: नाव कोठे आणि कसे लिहावे

नाव अशा ठिकाणी लिहावे की गाणे तेथून उचलले गेले तरी नाव सोबत जाईल. हे एक तत्त्व ध्यानात ठेवले की बाकीचे तपशील आपोआप सुचतात.

यूट्यूबवर वर्णनाला पाच हजार अक्षरांपर्यंत जागा असते, पण ‘आणखी’ दाबण्यापूर्वी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. तेथे ‘लाइक करा, सबस्क्राइब करा’ लिहून गीतकाराला तळाशी ढकलू नये. शीर्षकात जागा असल्यास गायकाच्या आधी गीतकार यावा, निदान त्याच्या सोबत तरी यावा. चित्रफितीच्या सुरुवातीला चार-पाच सेकंद नावांची पाटी ठेवावी, कारण चित्रफीत उतरवून पाठवली की वर्णन मागेच राहते.

इन्स्टाग्रामवर आपण स्वतः गायलेले गाणे ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून आपल्या खात्याच्या नावे नोंदले जाते आणि इतर लोक तोच आवाज आपापल्या रीलमध्ये वापरतात. अशा रीतीने शांताबाईंचे किंवा वामनदादांचे गाणे काही दिवसांत एखाद्या खात्याचे ‘ओरिजिनल’ ठरते. त्या आवाजाला नाव देण्याची सोय वापरून त्यात गाण्याचे आणि गीतकाराचे नाव घालावे, आणि चित्रावरही मजकूर ठेवावा.

व्हॉट्सॲपवर ध्वनिफाइल पुढे पाठवताना तिच्यासोबतचा वेगळा संदेश तुटतो. म्हणून फाइलचे नावच ‘मावळत्या दिनकरा, कवी भा. रा. तांबे’ असे ठेवावे आणि एमपी३ फाइलच्या अंतर्गत माहितीत गीतकार व संगीतकार यांचे रकाने असतात तेही भरावेत. स्वतःच्या आवाजात निरोप पाठवत असाल, तर गाण्यापूर्वी नावे मोठ्याने उच्चारावीत. आकाशवाणीच्या निवेदकाने पिढ्यान्‌पिढ्या हेच केले आणि आपल्या आजी-आजोबांना गीतकारांची नावे तोंडपाठ झाली ती त्यामुळेच.

मजकुराचा नमुना असा ठेवता येईल:

‘अबीर गुलाल उधळीत रंग’
अभंग: संत चोखामेळा
चाल व मूळ गायन: पं. जितेंद्र अभिषेकी
या चित्रफितीतील गायन: (आपले नाव)
तबला, हार्मोनियम: (साथीदारांची नावे)

येथे ‘मूळ गायन’ आणि ‘या चित्रफितीतील गायन’ वेगळे लिहिणे आवश्यक आहे. आपण स्वतः चाल लावली असेल तर ‘नवी चाल’ असे स्पष्ट लिहावे. कडवे गाळले असेल, शब्द बदलला असेल, बोलीत रूपांतर केले असेल किंवा स्वतःचे कडवे जोडले असेल तर तेही सांगावे. हयात असलेल्या कवीच्या शब्दांत बदल करायचा असेल तर आधी विचारावे. कलम ५७ चा दुसरा हक्क नेमका याच ठिकाणी लागू होतो. विडंबन करताना मूळ गीतकाराचे नाव ‘मूळ गीत’ म्हणून द्यावे, पण विडंबनाचे शब्द आपले आहेत हे निःसंदिग्ध लिहावे, नाहीतर आपले शब्द त्यांच्या नावावर जातात.

गाणे वितरकामार्फत स्पॉटिफाय किंवा तत्सम सेवांवर चढवणाऱ्यांनी गीतकार आणि संगीतकार यांचे रकाने विशेष काळजीने भरावेत. साध्या कॅप्शनमधील नावावरून कोणाचे मानधन ठरत नाही. या रकान्यांतील माहिती मात्र मानधनाच्या हिशेबापर्यंत पोहोचते. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांच्या वतीने स्वामित्वधन (रॉयल्टी) गोळा करून वाटते, आणि २०१२ च्या कायदा-दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या रचनाकारांचा स्वामित्वधनातील वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली. परंतु रकान्यात गीतकाराच्या जागी गायकाचे नाव किंवा ‘पारंपरिक’ असे भरले, तर तो वाटा योग्य माणसापर्यंत जाण्याची वाटच बंद होते. नाव पूर्ण लिहावे: केवळ ‘गदिमा’ न लिहिता ‘ग. दि. माडगूळकर’.

पाचवे पाऊल: ज्यांचा कवी खरोखर सापडत नाही अशी गाणी

जात्यावरच्या ओव्या, भलरी, पाळणे, भोंडल्याची गाणी यांचा मूळ रचनाकार बहुधा सापडत नाही, पण म्हणून ती श्रेयाविना देता येतात असे नाही. ती आपल्यापर्यंत कोणीतरी आणलेली असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि तेथे ओवी गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, तालुका, जिल्हा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख यांची नोंद असते. हा आदर्श आपण घरातही पाळू शकतो. आजीकडून किंवा शेजारच्या काकूंकडून ओवी ध्वनिमुद्रित केली, तर त्यांची संमती घ्यावी, आपले नाव कसे लिहिलेले त्यांना आवडेल ते विचारावे, आणि ‘पारंपरिक ओवी, गायन अमुक, गाव अमुक, ध्वनिमुद्रण अमुक साली’ असे लिहावे. त्यांना नाव नको असेल तर गाव आणि जिल्हा तरी नोंदवावा. एखादी ओवी त्यांनी स्वतः रचलेली आहे का, हा प्रश्न विचारण्यास विसरू नये. उत्तर पुष्कळदा ‘होय’ असे येते आणि मग ‘पारंपरिक’ हा शब्द काढून टाकावा लागतो.

सहावे पाऊल: दुरुस्ती

नाव राहून गेले किंवा चुकीचे पडले, तर चित्रफीत काढून टाकण्याची गरज नसते. वर्णन आणि कॅप्शन बदलावे, सर्वांत वर पिन केलेल्या प्रतिक्रियेत दुरुस्ती लिहावी आणि ती कशाच्या आधारे केली तेही सांगावे. रीलच्या चित्रावरील मजकूर बदलता येत नसेल तर कॅप्शनच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती द्यावी.

दुसऱ्याची चूक दाखवताना चारचौघांत टोकू नये, विशेषतः कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या गटात. वैयक्तिक निरोप असा पाठवता येतो: ‘काका, तुम्ही पाठवलेले “इंद्रायणी काठी” फार आवडले. ते संतांचे नसून ग. दि. माडगूळकरांचे आहे, “गुळाचा गणपती” चित्रपटातले. जमल्यास गटात तेवढे लिहाल का?’ बहुतेक लोक आनंदाने लिहितात, कारण चूक हेतुपुरस्सर नसते. एखादे मोठे खाते व्यावसायिक हेतूने नाव गाळत असेल आणि आपण स्वतः गीतकार किंवा त्याचे वारस असाल, तर आधी संग्रहाचे मुखपृष्ठ, प्रकाशनाचे वर्ष किंवा ध्वनिमुद्रिकेचे श्रेय यांची छायाचित्रे जमवावीत, मग त्या खात्याला लेखी कळवावे आणि उत्तर न आल्यास त्या मंचाच्या कॉपीराइट तक्रार-अर्जाचा वापर करावा.

व्हॉट्सॲपवरील संदेशाची दुरुस्ती मात्र मूळ संदेशामागे आपोआप जात नाही. ज्या-ज्या गटांत आपण चुकीच्या नावाने गाणे पाठवले होते, त्या प्रत्येक गटात योग्य नावासह तेच गाणे पुन्हा पाठवावे, आणि ‘आधीचा संदेश पुढे पाठवला असल्यास कृपया हा पाठवावा’ एवढे त्यासोबत लिहावे.